मासोळ्यांची रांग

लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये असताना मला वाटलं, माझे कान गेले. समोरच्या आरशात माझी धाकटी बहीण गात होती. म्हणजे तिचं तोंड गात होतं. ओठ गोल, मग रुंद, मग दात, मान किंचित डावीकडे, भुवया वर, छाती फुगलेली. सगळं जागच्या जागी होतं आणि आवाज नव्हता. मी कानात बोट घालून हलवलं. लिफ्टची घरघर येत होती, दुसऱ्या मजल्यावरचं कुत्रं केकाटत होतं, म्हणजे कान शाबूत होते. "काय करतेयस गं?" मी विचारलं. तिने हात वर करून मला थांबवलं, कडवं पूर्ण केलं, आरशापुढे वाकली आणि मग म्हणाली, "सराव." कसला? संगीताचा. आणि तिने दप्तराचा पट्टा बाजूला करून मला छातीवरची पिन दाखवली. पिनेला सोनेरी कागदाचा मासा होता, एक डोळा काढलेला, शेपटी जरा दुमडलेली. "मी मासोळी झालेय," ती म्हणाली. "तिसरीत आम्ही फक्त नऊ जण आहोत. बाई म्हणाल्या, ज्यांचे ओठ छान हलतात त्यांना आवाज काढावाच लागत नाही." तळमजला आला, दार उघडलं, ती पळाली. मी आतच. दार पुन्हा मिटलं आणि लिफ्ट मला घेऊन निमूट सहाव्या मजल्यावर गेली, कुणा चष्मेवाल्या आजोबांकडे. ते म्हणाले, "खाली चाललीस का वर?" मी दोन्ही बटणं दाबली.

माझ्या बहिणीचं घरातलं नाव भोंगा. बाबांनी ठेवलेलं. बाबा गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवतात, दिवसभर त्यांच्या दोन्ही कानांशी दोन मशिनं धडधडत असतात, तरी ते म्हणायचे की माझे कान किटतात ते घरी आल्यावर. भोंगा आंघोळ करताना गायची. एका गाण्याची सुरुवात, दुसऱ्याचा शेवट, मध्ये साबणाची जाहिरात, आणि सूर म्हणाल तर नळाला जेवढा होता तेवढाही नाही. आवाज जाड, थोडा फाटका, रिकामी बादली जिन्यावरून सोडावी तसा. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "घड्याळ कशाला हवं? भोंगा न्हाली की साडेसात." बसस्टॉपच्या रस्त्याने तिच्या मागून चालताना मी आठवत होते, शेवटचं कधी ऐकलं होतं मी हे गाणं? काल? काल बाथरूममधून फक्त पाणी येत होतं. परवा? मागच्या आठवड्यात? मावशींनी तरी काही म्हटलं होतं का? मला आठवेना, आणि जसजसं आठवेना तसतशी माझ्या तळपायाची आग पोटऱ्यांपर्यंत चढायला लागली. घरात चार माणसं, तीन खोल्या, पातळ भिंती, आणि एक अख्खा आवाज घरातून निघून गेला तरी कुणाला पत्ता नाही. आवाज बंद झालेला ऐकू येत नाही. तीच तर त्यातली खुबी.

आणि फ्रिजवर, चुंबकाखाली, ते पत्रक. दर महिन्याला येतं, फिकट हिरव्या कागदावर: 'विशेष विषयांच्या तासांना आपली मुले काय शिकत आहेत?' खाली चौकटी. हस्तकला: मुले सर्जनशीलतेने विचार करत आहेत. म्हणजे भोंगाच्या वर्गाने सदतीस घरं केली, आणि सदतिसांचीही छपरं लाल, कारण लाल कागदाचा गठ्ठा आला होता. संगणक: मुले सहकार्याने काम करण्यास शिकत आहेत. म्हणजे एका पडद्यापुढे तिघं; एक बटणं दाबतो, एक कुठलं दाब ते सांगतो आणि तिसरा खुर्चीच्या फोमला भोक पाडतो. वाचनालय: मुले पुस्तकांवर प्रेम करण्यास शिकत आहेत. पुस्तक फार उघडायचं नाही, कणा मोडतो. अर्धवट दार ढकलून आत डोकावल्यासारखं वाचायचं. हे सगळं मला एरवी गमतीचं वाटायचं, मी आईला साभिनय वाचून दाखवायची आणि आई पोट धरून हसायची. या महिन्यात संगीताच्या चौकटीत लिहिलं होतं: 'तिसरीची सर्व मुले समूहगान शिकत आहेत.' सर्व. त्या दोन अक्षरांवरून मी सकाळीच नजर फिरवली होती आणि मला काहीच टोचलं नव्हतं. शिवाय येत्या शनिवारी पालकांच्या मेळाव्यात हेच पत्रक माईकवर वाचायचं होतं, आणि ते वाचणार होते मी. अख्ख्या शाळेतून मी. मुख्याध्यापक म्हणाले होते, "आवाज असावा तर असा." ते ऐकून मी घरी येताना तीन स्टॉप आधीच बसमधून उतरले होते, कारण बसून राहणं शक्य नव्हतं.

हे असं, की गेल्या वर्षापर्यंत मला आवाज नव्हता. घरात मी पुटपुट. भोंगा आणि पुटपुट, बाबांच्या दोन मुली. वर्गात हजेरीला मी 'हजर' म्हणायची नाही, हात वर करायची. बाई मान वर करून बघायच्या आणि खूण करायच्या. प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच वाक्य, अक्षर तेवढं वेगळं: स्वभावाने अबोल आहे. मग गेल्या वर्षी खेळाच्या बाईंचा घसा बसला. त्यांनी शिट्टी वाजवली, मला रांगेतून बोटाने ओढलं आणि खरखरत म्हणाल्या, "ए उंच, आज तू ओरड." मी म्हटलं, म्हणजे पुटपुटले, मला येत नाही. "रडता येतं ना?" "हो." "मग ते जिथून येतं तिथूनच हे येतं. गळ्यातून नको काढू, पोटातून काढ. चल." मी डोळे मिटले आणि सावधान म्हटलं. छज्ज्यावरची कबुतरं उडाली. तीनशे टाचा एकदम जुळल्या. माझ्याच आवाजाने मी दचकले, हे कोण आलं माझ्या जागी म्हणून. तेव्हापासून माझं तोंड बंद नाही. मी बसवाल्याशी वाद घालते, वर्गात हात वर न करता उत्तर देते, फोनवर बोलताना आई मला गॅलरीत पाठवते. मला वाटायचं की काही मुली उशिरा उंच होतात तशी मी उशिरा बोलकी झाले. निसर्ग. असं मला त्या संध्याकाळी सहा वाजेपर्यंत वाटत होतं.

सहाला आई आली. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांना मूठ आवळा, मूठ सोडा सांगते, आणि घरी आल्यावर अर्धा तास तिला कुणी काही विचारायचं नसतं. मी दारातच विचारलं. तिने चपला काढल्या, भोंगाच्या छातीवरचा मासा पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. उजळला! "अय्या, अजून तो मासा देतात?" ती म्हणाली. "अजून म्हणजे?" "म्हणजे तुलाही होता की. तिसरीतच. तुझाही सोनेरीच होता." मी म्हटलं, काहीतरीच. "काहीतरीच काय? महिनाभर गणवेशावरून काढला नाहीस. इतकी खूश होतीस! मला म्हणालीस, आई, आता चुकायची भीती नाही." ती पाणी प्यायली. मी तिच्या गळ्यातली हालचाल बघत उभी राहिले. आणि मग ते आलं, आठवण म्हणून नाही, वास म्हणून आलं. पुढच्या मुलीच्या ओल्या स्वेटरचा वास. लाकडी पायऱ्या, पॉलिश उडालेल्या. माझे हात मागे बांधलेले, जीभ टाळ्याला चिकटवलेली, घट्ट, कारण ओठ हलवताना चुकून आवाज सांडू नये. एकदा सांडला होता. अगदी थेंबभर, एका 'आ'पुरता. संगीताच्या बाईंनी कीबोर्डवरून बोटं न उचलता माझ्याकडे पाहिलं होतं, रागाने नाही, हसून, जसं आपण झोपलेल्या घरात भांडं पाडलेल्या माणसाकडे बघतो. त्यानंतर मी कुठेच सांडला नाही. संगीताच्या तासाला नाही, गणिताच्या नाही, वाढदिवसाला नाही, दार उघडायला सांगतानासुद्धा नाही. सहा वर्षं. ज्याला माझा स्वभाव म्हणाले तो गृहपाठ होता. आठवड्यातून एका तासाचा गृहपाठ, आणि मी तो रोज केला, कारण मी अभ्यासू होते.

"तू काही बोलली नाहीस तेव्हा?" मी आईला विचारलं. "कुणाला?" "बाईंना! शाळेला!" "काय बोलायचं? अगं, सूर लागत नव्हता तुला. बाईंनी हाकलून दिलं नाही, सगळ्यांबरोबर उभं केलं. मी हार घालायला हवा होता त्यांना." मी ओरडले, खरंच ओरडले, की हे उभं करणं नाही, ही फसवणूक आहे. आई म्हणाली, "हळू, मावशींकडे जातंय सगळं. बरं मला सांग, आता तरी तुला गाता येतं का?" "नाही." "मग?" आईच्या 'मग'ला कुणाकडेच उत्तर नसतं, बाबा तर 'म'लाच उठून जातात. उत्तर मला दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला सापडलं, नद्यांच्या खोऱ्यांत: सायकल येत नाही म्हणून कुणी पोरीला स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसवून पायडल मारायला लावत नाही, आणि वर छातीवर सोनेरी चाक चिकटवत नाही. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि मधल्या सुट्टीत तशीच प्राथमिकच्या इमारतीत गेले.

संगीताची खोली तेवढीच होती, पण माझ्या डोक्यातल्यापेक्षा लहान. पायऱ्यांचं पॉलिश नवं. बाई एकट्याच होत्या, फडक्याने कीबोर्ड पुसत होत्या आणि गुणगुणत होत्या, आणि त्यांचा आवाज, काय सांगू, त्यांचा आवाज इतका सुंदर आहे की मला तिथेच बसून ऐकावंसं वाटलं आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी सायकलीचं वाक्य म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बस ना, बाळा," त्या म्हणाल्या. "हे बघ, मेळाव्यात आईबाबा येतात. एक बेसूर आवाज लागला की सगळे त्या मुलाकडे वळून बघतात. मी ते बघणं वाचवते. त्यात मुलं किती आनंदात असतात बघ! मी त्यांना सांगते, शब्द ऐकू आला नाही तरी दिसला पाहिजे. ओठ असे हलवा की शेवटच्या रांगेतल्याला वाचता यावेत. हीसुद्धा कला आहे." "पण त्यांना गायला कधी शिकवणार?" "आठवड्याला एक तास, बाळा. सदतीस मुलं. तूच सांग." मी सांगितलं, मीही तुमची मासोळी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट, मनापासून आठवून पाहिलं. "तू होतीस का माझ्याकडे? नाही गं आठवत. तुझ्यासारखा आवाज मी विसरले नसते." त्या हे कौतुकाने म्हणाल्या. घंटा झाली. जिना उतरताना मला हसू आलं, घाणेरडं हसू. बरोबरच आहे. कशी आठवणार? मी तर त्यांच्या सर्वांत हुशार विद्यार्थिनींपैकी होते.

भोंगाला मी शुक्रवारी विचारलं, ती गॅलरीत बुटाला पांढरं लावत होती. मी म्हटलं, उद्या मी स्टेजवरून सगळ्यांना सांगणार आहे. तिच्या हातातला ब्रश थांबला. "काय सांगणार?" "की तुम्हाला गाऊ देत नाहीत." "ताई, नको हं. अजिबात नको. माझा मासा काढून घेतील. आम्ही पहिल्या रांगेत असतो, माहितीये? आणि आम्हाला गप्पा मारता येतात." "गाणं चालू असताना?" "ओठांनी गं. बाईंना वाटतं आम्ही गातोय. काल मी शेंबड्याला अख्खा डबा सांगितला काय होता तो, आणि त्याने मला त्याच्या काकाचं लग्न सांगितलं. तू बोल काहीतरी, आवाज न करता. तिकडून बोल, दारातून." मी दारात जाऊन ओठ हलवले. "गाढव," तिने लगेच वाचलं. मग मी एक अख्खं वाक्य म्हटलं, तिने तेही वाचलं, आणि वर म्हणाली, "तुझा 'प' नीट दिसत नाही, ओठ आवळ." मी हरले. ज्या अंधाऱ्या खोलीत मी सहा वर्षं एकटी बसले होते तिथे या नऊ कारट्यांनी दिवा लावून बाजार भरवला होता. मग कशाला जीव काढायचा? मी तिच्याजवळ बसले आणि सहज म्हटलं, "गा ना एकदा. साबणाचं." तिने तोंड उघडलं. ओठ गोल झाले, मग रुंद. गळ्याची शीर ताठ झाली. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. तिने बुटाकडे पाहिलं, पांढऱ्याचा एक थेंब तिच्या गुडघ्यावर पडला होता, तो ती बोटाने पसरवत राहिली. "येत नाही आता," ती म्हणाली. "खराब येतो, म्हणून येतच नाही." माझ्याकडे एवढा मोठा आवाज होता आणि मी बोलले नाही.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं. खुर्च्यांवर पालक, त्यांच्यापुढे जमिनीवर सतरंजीवर मुलं, आणि अगदी पुढे, स्टेजपासून चार हातांवर, तिसरी, कारण त्यांचं गाणं माझ्या वाचनानंतर लगेच होतं. नऊ सोनेरी मासे चमकत होते. आई दुसऱ्या रांगेत, बाबा तिच्या शेजारी, बाबांच्या बाहीला दोऱ्याचा तुकडा. बाजूला संगीताच्या बाई कीबोर्डशी. माझ्या हातात फिकट हिरवा कागद होता आणि मुख्याध्यापकांनी त्यावर लाल पेनाने 'इथे थांब', 'इथे हास' असं लिहून दिलं होतं. मी थांबले, हसले. हस्तकला, टाळ्या. संगणक, टाळ्या. माझा आवाज भिंतीला लागून परत माझ्याकडे येत होता, गोल, भरदार, आणि मला तो आवडत होता. देवा, किती आवडत होता! तळहातावर मी रात्रीच एक वाक्य लिहून ठेवलं होतं, अन्याय या शब्दाने सुरू होणारं, आणि मला कळत होतं की तेही मी छानच म्हणेन. लोक म्हणतील, काय बोलते मुलगी! आणि भोंगा मान खाली घालून बसेल, कारण पुन्हा एकदा तिच्या नावाने दुसरंच कुणीतरी गाऊन गेलेलं असेल. घामाने वाक्य पुसट झालं होतं. 'संगीत,' मी वाचलं. 'तिसरीची सर्व मुले.' इथे थांब, असं लाल अक्षरात लिहिलं होतं. मी थांबले. आणि मग जीभ टाळ्याला चिकटवली. अजून येत होतं मला. सहा वर्षांची सवय, कुठे जाते. मी छाती फुगवली, भुवया वर नेल्या, ओठ असे हलवले की शेवटच्या रांगेतल्याला वाचता यावेत, आणि आवाज काढला नाही.

आधी कुणालाच कळलं नाही. मग माईकवाले काका वाकून आले, माईकवर टकटक केली, टकटक सभागृहभर घुमली. ते माझ्याकडे बघायला लागले. मी ओठ हलवत होते. "आवाज!" मागून कुणीतरी म्हटलं. "माईक गेला वाटतं." "अहो, तिलाच काहीतरी होतंय, पाणी द्या." मुख्याध्यापक अर्धे उठले. बाबांनी मान पुढे काढून कान माझ्याकडे केला, जसं ते मशीन बिघडल्यावर करतात. संगीताच्या बाईंना सगळ्यांत आधी कळलं असावं, कारण त्यांची बोटं कीबोर्डवर होती ती त्यांनी मांडीवर घेतली. मी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, हळू, ओठ नीट आवळून. सतरंजीवर खुसखुस झाली. मी फक्त एका चेहऱ्याकडे बघत होते आणि तो चेहरा रडकुंडीला आला होता; तिचे ओठ मला म्हणत होते, ताई नको. मी म्हटलं, वाच. ती म्हणाली, नको. असं आम्ही चारशे माणसांसमोर भांडत होतो आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात तिच्या शेजारचा, वाहत्या नाकाचा, हा नक्की शेंबड्या, दात न दाखवता म्हणाला, "ती म्हणतेय, तिसरीत." अगदी बारीक आवाज. त्याच्या पलीकडची म्हणाली, "तिसरीत नऊ मुलं." आणि मग भोंगा उभी राहिली. तिला अर्धवट वाक्य सहन होत नाही, लहानपणापासून. ती उभी राहिली, तोंड उघडलं, शीर ताठ झाली, आणि ती रिकामी बादली जिन्यावरून सुटली, "ती म्हणतेय, तिसरीत नऊ मुलं नुसती तोंडं हलवतात!"

सभागृह वळून तिच्याकडे बघायला लागलं. ज्या बघण्यापासून बाई वाचवत होत्या तेच ते बघणं, चारशे मानांचं. आईने तोंडावर हात ठेवला होता. मी पुढचं वाक्य हलवलं आणि आता नऊही जण उभे होते, नऊ जण वाचत होते, कुणी आधी, कुणी मागून, नऊ वेगवेगळ्या उंचीच्या आवाजांत, भयानक, "त्यांना कुणी शिकवलं नाही!" तेवढंच होतं माझं वाक्य. मी ओठ मिटले. आठ मासे खाली बसले, एकमेकांकडे बघत, लाल होत. भोंगा बसली नाही. ती अजून माझ्या तोंडाकडे बघत होती, कपाळाला आठी घालून, पुसट अक्षर लावावं तशी. मी ओठ आणखी घट्ट मिटले. आणि ती माझ्याकडेच बघत, त्याच फाटक्या आवाजात, कुठेही न अडखळता म्हणाली, "आणि ती म्हणतेय की मला गायचंय."